निरोगी नमुना

गाय खोड्यात उभी होती, माझा हात खांद्यापर्यंत तिच्या आत होता, आणि शेपूट धरायला उभे असलेले तुपेमामा उभ्या उभ्या झोपी गेले.

मला ते लगेच कळलं नाही. शेणाने भिजलेला शेपटीचा गोंडा सपकन गालावर बसला तेव्हा कळलं. हात तसाच ठेवून मी मान वळवली. मामांचं कपाळ खोड्याच्या आडव्या लाकडाला टेकलं होतं आणि रिकामी मूठ शेपूट धरल्यासारखी हवेत होती.

"मामा."

मी आवाज जरा चढवला.

"तुपेमामा."

ते दचकून सरळ झाले. "हाय, हाय मॅडम. धरलंय."

"काय धरलंय, वारा?" गाईचे मालक दिनकरअण्णा खराडे म्हणाले. कट्ट्यावर बसलेली माणसं हसली. "डॉक्टरीणबाई, तुम्ही आधी ह्या तुपेला टोचा. आमची जनावरं मागनं बघू."

"सकाळी सकाळीच घेतली का काय मामा?" कुणीतरी विचारलं.

"चा घेतलाय," मामा म्हणाले. "बिनदुधाचा." त्यांनी शेपूट पुन्हा धरलं, दुसऱ्या हाताने खांद्यावरचा पंचा काढून माझ्यापुढे केला. मी तो घेतला नाही. गाय चार महिन्यांची गाभण होती. ते अण्णांना सांगितलं, हात बाहेर काढला आणि हातमोज्यासकट बादलीत बुडवला.

मार्चचे शेवटचे दिवस होते. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. बोरसळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी रुजू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती आणि मी अजून परिविक्षेवर होते. जूनमध्ये कायम व्हायची होते.

दवाखान्याच्या पाटीवर वेळ रंगवलेली होती: सकाळी आठ ते बारा, दुपारी तीन ते सहा. पाटी खरी होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना बरंच काही उरायचं. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरावी लागते आणि संध्याकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यामुळे पाटीच्या अलीकडचे आणि पलीकडचे तास आधीच वाटले गेलेले असत. मधल्या तीन तासांत लसीकरण, नाहीतर कुठल्या तरी वाडीवर फुगलेली म्हैस. चौदा गावं, एक मोपेड आणि एक परिचर. पशुधन पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती. व्रणोपचारकाची जागाही चार वर्षं रिकामी होती. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, हत्यारं उकळणं ही त्या माणसाची कामं तुपेमामाच करत. ते एकोणीस वर्षं परिचर होते. त्या वर्षी पदोन्नतीच्या यादीत त्यांचं नाव आलं होतं. ते त्याच रिकाम्या जागेवर बसणार होते, मात्र माझ्या गोपनीय अहवालात त्यांची शिफारस हवी होती. एकतीस तारखेच्या आत तो छापील कागद भरून जिल्ह्याला जायचा होता. तो माझ्या टेबलाच्या खणात कोरा पडला होता, आणि हे मामांना माहीत होतं.

"फारम भरला का मॅडम?" त्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं.

"अजून नाही. मामा, तुम्ही रात्री झोपत नाही का?"

"झोपतो की. पण झोपून उठलो की दमलेला असतो."

"म्हणजे काय?"

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे झोपेतबी कुठंतरी चालून आल्यावानी वाटतं."

मला ते उत्तर आगाऊ वाटलं. मी स्वतः त्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून दोन गायी भरवून आले होते आणि दुपारचा डबा उघडलेला नव्हता.

"उद्यापासून आठच्या ठोक्याला या," मी म्हणाले.

"येतो."

ते साडेआठला आले. कंबर धरून, एक पाय जरा ओढत. मी घड्याळाकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही बोलायचा कंटाळा होता.

एकोणतीस तारखेला अण्णांच्या गोठ्यावरून निरोप आला. त्यांची आणखी एक गाय गाभडली होती, सातव्या महिन्यात. कार्तिकापासूनची ही तिसरी. अण्णांकडे अकरा संकरित गायी होत्या, आणि दुधाची पहिली किटली त्यांच्याच गोठ्यातून निघते असं ते सगळ्यांना सांगत. आता ते गव्हाणीशी गप्प उभे होते. मेलेलं वासरू पोत्याखाली झाकलेलं होतं आणि गाईचा जार, म्हणजे वार, आत अडकला होता.

मी पुण्याहून स्वतः आणलेले लांब बाह्यांचे रबरी हातमोजे चढवले. दवाखान्याला मिळालेले कधीच फाटून गेले होते. हात आत घातला. जार गर्भाशयाला जागोजाग गुंड्यांसारखा चिकटलेला असतो. एकेक गुंडी बोटांनी सोडवावी लागते, ओढून चालत नाही. ही गाय थोराड होती आणि माझा हात आखूड. जवळच्या चार-पाच गुंड्या सुटल्या, पुढच्या बोटांच्या टोकाला लागत होत्या आणि निसटत होत्या. वीस मिनिटांनी माझ्या दंडात पेटके यायला लागले.

"सरा मॅडम," मामा म्हणाले.

हे आमचं नेहमीचं होतं. मी बाजूला झाले. त्यांनी सदऱ्याची बाही बगलेपर्यंत सारली, हाताला खोबरेल चोळलं आणि उघडा हात आत घातला. मी पूर्वी एकदा त्यांना माझे हातमोजे देऊ केले होते. त्यांचा पंजा हातमोज्याच्या मनगटापुढे जात नव्हता. "रबरात हाताला डोळं ऱ्हात न्हाईत," ते म्हणाले होते, आणि तो विषय तिथेच संपला होता.

ते डोळे मिटून काम करत. त्या दिवशी मात्र डोळे मिटल्यावर पुन्हा झोपतात की काय म्हणून मी पाहत राहिले. मार्चच्या उन्हात त्यांना कुडकुडल्यासारखं झालं. हात मात्र चालू होता. पाऊण तासाने सगळा जार एका तुकड्यात खाली पडला.

"अशी सफाई पायजे," अण्णा म्हणाले. "हात सोन्याचा हाय तुपेचा. नुसती झोप आवरली म्हंजे झालं."

मामांनी हात पोटॅशच्या गुलाबी पाण्यात धुतला आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसले. मी अण्णांच्या सगळ्या गायींचं रक्त तपासायचं ठरवलं आणि तसं त्यांना सांगितलं. तीन गाभडलेल्या गायींनंतर गर्भपात घडवणारा एक संसर्ग मनात आला होता. तपासणीचं औषध जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून मागवावं लागणार होतं.

दवाखान्यात परतून नोंदवहीत लिहिलं: खराडे यांची गाय, गर्भपात, जार काढला. खाली सही केली. सही नेहमीच माझी असे. परिचराने जनावरात हात घालायचा नसतो, त्यामुळे नोंदवहीत तो हात माझाच असायचा.

दुसऱ्या दिवशी मी मामांना सिरिंजा उकळायला ठेवायला सांगितलं. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत. तासाभराने जळका वास आला. मी मागच्या खोलीत गेले. स्टोव्ह भणभणत होता, भांड्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं आणि बारा सिरिंजा तडकून काळ्या झाल्या होत्या. शेजारी कापसाच्या गाठोड्यावर डोकं ठेवून तुपेमामा झोपले होते.

मी त्यांना हाक मारली नाही. स्टोव्ह बंद केला, टेबलापाशी आले, खण उघडला आणि अहवाल भरला. 'कामात वारंवार हयगय. कामाच्या वेळेत झोपलेले आढळतात. उपकरणांचे नुकसान. पदोन्नतीसाठी सध्या शिफारस नाही.' लिहून झाल्यावर पुन्हा वाचला. प्रत्येक शब्द खरा होता. लिफाफा बंद करून संध्याकाळच्या टपालात टाकला.

मामा उठले तेव्हा त्यांनी भांडं पाहिलं, मग मला. ते खाली बसून काचा गोळा करायला लागले.

"चुकलं मॅडम."

"हो."

"फारम गेला का?"

"गेला."

"चांगलं लिवलं का?"

"खरं लिहिलं," मी म्हणाले.

"मग झालं तर." ते काचा उचलत राहिले. "खरंच लिवायला पायजे. एकोणीस वर्षांत एकबी सिरिंज फुटली नव्हती माझ्या हातनं."

त्यांना वाटलं, मी तेही लिहिलं असणार.

तपासणीचं औषध आठ एप्रिलला सकाळच्या एसटीने आलं, थर्मासमध्ये, बर्फात. म्हणजे निघताना बर्फ होता. आमच्याकडे पोचला तेव्हा गार पाणी होतं. त्यात तीन बाटल्या होत्या: गडद गुलाबी औषध, आजारी जनावराचा नमुना आणि निरोगी जनावराचा नमुना. तिसरी फुटली होती.

ही तपासणी साधी असते. रक्त गोठू दिलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्याचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर ठेवायचा, शेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब, दोन्ही मिसळायचे आणि चार मिनिटं फरशी हळूहळू हलवायची. निरोगी असेल तर थेंब सायीसारखा एकसंध गुलाबी राहतो. आजार असेल तर त्यात कण धरतात. पण आधी एक आजारी आणि एक निरोगी नमुना लावून औषध बरोबर वागतंय ना हे पाहावं लागतं. तिथे गडबड झाली तर पुढचं काही वाचायचं नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी ते कधी मोडलं नव्हतं.

"निरोगी कुणीतरी पाहिजे," मी म्हणाले. "ज्याला हा आजार नक्की नाही असं."

"शेळी चालंल का?"

"चालेल. पण तिला आजार नाही हे कशावरून?"

"मग माझं घ्या." मामांनी बाही सारली. "एकोणीस वर्षांत आजारपणाची एक रजा न्हाई. दफ्तर काढून बघा."

मला ते पटलं. या तपासणीला रक्त माणसाचं की गाईचं याने फरक पडत नाही. मी त्यांच्या दंडाला रबरी नळी बांधून रक्त काढलं आणि तीन तास सावलीत ठेवलं. अण्णांच्या अकरा गायींचं सकाळी आणलेलं रक्त शेजारीच होतं.

दुपारी एक वाजता मी फरशी घेतली. आजारी नमुन्यात अपेक्षेप्रमाणे कण धरले. दुसरा थेंब मामांचा. पहिलं मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाला कडेला बारीक रवा दिसायला लागला. चौथ्या मिनिटाला थेंब नासला होता.

"माझं फाटलं का?" मामा माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"औषध बिघडलंय," मी म्हणाले. "बर्फ वितळला ना. उन्हाने बिघडलं."

"मग टाकून देऊ?"

मी बाटली उचलली. जिल्ह्याहून दुसरी यायला पंधरा दिवस लागले असते. मी बाटली पुन्हा खाली ठेवली.

"आधी माझं रक्त घ्या."

"मी?"

"मला स्वतःचं काढता येत नाही."

त्यांनी हात स्वच्छ धुतले, माझ्या कोपराच्या आत बोटाने चाचपलं आणि सुई घातली. गाईच्या मानेतून रक्त काढायची त्यांना सवय होती. मला सुई कळलीही नाही. मात्र त्यांची बोटं मनगटाला लागली तेव्हा ती गरम होती.

पुन्हा थांबायचं होतं. दवाखाना तीनपर्यंत बंद होता. मामा बाहेर बाभळीखालच्या बाकावर आडवे झाले आणि लगेच झोपले. मी दारातून त्यांच्याकडे पाहत बसले. एरवी मला एवढी फुरसत नसे. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, सावलीत असूनही. आधीच्या घामाचे पांढरे वाळलेले पट्टे होते, त्यांच्यावर नवा ओला पट्टा. गळ्याचं हाड वर आलं होतं. दिवाळीत त्यांना दिलेला गणवेश तेव्हा बरोबर बसत होता. आता त्या विजारीला वरून सुतळी बांधलेली होती. त्यांनी झोपेतच कूस बदलली आणि कण्हले.

चार वाजता माझा थेंब फरशीवर ठेवला. चार मिनिटं झाली. पाच झाली. तो सायीसारखा गुलाबी राहिला.

मी मामांचा पुन्हा लावला. पुन्हा कण. मग अकरा गायी लावल्या. सात स्वच्छ, चार नासलेल्या. त्यांत तिन्ही गाभडलेल्या होत्या. औषध चांगलं होतं.

मामा दारात उभे होते. एकोणीस वर्षांत त्यांनी अशा फरश्या पाहिल्या होत्या. समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे मीबी त्या चौघींतला," ते म्हणाले.

"बसा, मामा."

"आता मलाबी कळपातनं काढायचं का?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही. मी कागद घेतला आणि गाईच्या मालकाला विचारावं तसं क्रमाने विचारत गेले. ताप येतो? संध्याकाळी येतो, सकाळी उतरतो. घाम? अंथरूण बदलावं लागतं. कंबर? धरलेली. सांधे? डावा गुडघा. भूक? न्हाई. कधीपासून?

"संक्रांतीपासनं."

"मामा, मला सांगितलं का नाही?"

ते विचारात पडले, जणू प्रश्न अवघड होता.

"तुम्हीबी दमताच की मॅडम," ते म्हणाले. "मला वाटलं ही नोकरीच दमायची हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकात वाचला होता, माणसात पाहिला नव्हता. सहा आठवडे गोळ्या आणि तीन आठवडे रोज एक इंजेक्शन. "हा आजार यांना कुठून झाला?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, गायींकडून. ते म्हणाले, ते कळलं हो, पण कसा? मामा माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, कामात. त्यांनी तेवढंच लिहिलं.

तिथून तशीच एसटीने जिल्ह्याला गेले. आमचे जिल्हा अधिकारी डॉक्टर हिंगमिरे जेवणानंतर टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले होते. मी म्हणाले, तुप्यांच्या अहवालातला माझा शेरा मागे घ्यायचा आहे. कारणही सांगितलं.

"असं मागे घेता येत नाही, देवस्थळी," ते म्हणाले. "गेला तो गेला. पण आजार कामामुळे झालाय असं तुम्ही लेखी दिलंत तर शेरा काढता येईल. घरी झालाय असं असेल तर उलट अडचण. तो माणूस कामाला अपात्र, असं यादीतच लागेल."

"कामामुळेच झालाय, सर."

"कशावरून?"

"अडकलेले जार काढून."

ते वर्तमानपत्राची घडी करायला लागले. "कुणी काढले?"

मी त्या घडीकडे पाहिलं.

"तुमच्या नोंदवहीत कुणी काढलेत? दर महिन्याला तुमचा अहवाल मी वाचतो. जार काढला, सही देवस्थळी. जार काढला, सही देवस्थळी. त्या हिशेबाने आजार तुम्हाला व्हायला पाहिजे होता, डॉक्टर."

पंखा फिरत होता. ते काही वाईट माणूस नव्हते. जरा वेळाने आवाज उतरवून म्हणाले, "कच्चं दूध पितो म्हणून लिहा. सगळेच पितात. त्याचे उपचार होतील, तुम्ही जूनमध्ये कायम व्हाल. पदोन्नतीचं काय, पुढच्या यादीत बघू."

"पुढची यादी कधी?"

"निघेल तेव्हा. चारेक वर्षांनी."

परतीच्या एसटीत मला झोप लागली. बोरसळच्या फाट्यावर कंडक्टरने उठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहानंतर मी दवाखान्याचं फाटक ओढून घेतलं, नोंदवही टेबलावर ठेवली आणि मामांना समोर बसवलं. त्यांच्या ताप यायच्या वेळा मला आता पाठ होत्या. आणखी अर्धा तास होता.

"पावणेदोन वर्षांत जाराच्या अकरा नोंदी आहेत," मी म्हणाले. "कुठल्या कुणी काढल्या ते सांगा."

"कशाला?"

"लिहायचंय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मॅडम, तुमचं पर्मनंट व्हायचं हाय जूनला."

"मी रुजू झाले त्या वर्षी, ऑगस्टची नऊ तारीख. पाटोळ्यांची म्हैस."

"चुकीचं काही लिवू नये, हे खरं. पण सगळंच लिवायला पायजे असं कुठं हाय? मी दूध पितो म्हणून लिवा. पितोबी लहानपणापासनं."

"चहा बिनदुधाचा पिता तुम्ही, मामा. सगळ्या गावाला माहीत आहे. पाटोळ्यांची म्हैस."

त्यांनी नोंदवहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी."

"सप्टेंबर, सतरा. वाडीवरची बांडी गाय."

"मी. तुम्ही पाय मुरगळून बसला होता."

असं आम्ही पुढे गेलो. त्यांना प्रत्येक जनावर आठवत होतं: शिंग मोडलेली, लाथ मारणारी, मालकीण रडत होती ती. मी तारीख म्हणायचे, ते गाय सांगायचे आणि मग हात कुणाचा ते. दर वेळी हात त्यांचाच निघत होता. मी एकाखाली एक लिहीत होते.

"जानेवारी, तीन."

"ती तुम्ही काढली."

"नाही, मामा. मला वाटतं तीही तुम्हीच."

"न्हाई मॅडम. मी भाचीच्या लग्नाला गेलतो. तुम्हाला अडीच तास लागलं होतं, अण्णा सांगत हुते." ते कपाळ पुसत म्हणाले, "तुमची हाय ती. माझ्यात घालू नका."

मी यादीत दहा लिहिल्या. खाली एक ओळ लिहिली: 'वरील दहा प्रसंगी जार परिचर र. बा. तुपे यांनी माझ्या सांगण्यावरून उघड्या हाताने काढला. त्या वेळी हातमोजे माझ्या हातात होते.' तीही दोनदा वाचली. हीदेखील खरी होती.

"लई झालं," मामा म्हणाले. त्यांचे दात वाजायला लागले होते. मी कपाटातली घोंगडी काढून त्यांच्या अंगावर घातली, आणि ताप उतरेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मेच्या मध्यावर मामांवरचा शेरा काढून टाकला गेला, आणि ऑगस्टमध्ये मामा व्रणोपचारक झाले. माझी परिविक्षा एक वर्षाने वाढली. 'परिचराकडून तांत्रिक काम करून घेतले' असं त्या आदेशात लिहिलेलं होतं. हिंगमिरे सरांनी मला वाचायला कागद दिला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

मामांची औषधं मेअखेर संपली. कामावर परत आले त्याच आठवड्यात पाटोळ्यांची म्हैस पुन्हा व्याली आणि जार पुन्हा अडकला. मी हातमोजे चढवले. मामांनी सवयीने बाही वर सारायला सुरुवात केली.

"मामा, शेपूट धरा," मी म्हणाले.

त्यांनी बाही खाली ओढली आणि शेपूट धरलं.

मला एक तास पन्नास मिनिटं लागली. गाल म्हशीच्या पुठ्ठ्यावर दाबून, टाचा उचलून मी आत चाचपडत होते आणि मामा मागून सांगत होते. "डावीकडं जावा. अजून. गुंडी लागली का? तिच्याखाली बोट घाला. ओढू नका, सोडवा. दमा जरा. आता दुसरी." एकदा माझे डोळे मिटले असावेत, कारण त्यांचा आवाज जरा मोठा झाला. "मॅडम, जागं ऱ्हावा. चारच उरल्यात."

दवाखान्यात आलो तेव्हा माझा उजवा हात वर होत नव्हता. डाव्या हाताने मनगट धरून मी नोंदवहीत लिहिलं: पाटोळे यांची म्हैस, जार काढला. सही केली. मामा टेबलापलीकडे उभे राहून उलट्या बाजूने वाचत होते.

"माझंबी लिवा की," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"शेपूट धरलं म्हणून."

नोंदवहीत त्याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.